नावाच्या जागी फूल

दादा,

तू जिवंत आहेस! इस्पितळातून आलेलं तुझं पत्र आई आठवडाभर रोज वाचून घेतेय, तरी तिचं मन भरत नाही. मी तर पत्र आलं त्याच दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन चौकात पळालो. तिथल्या युद्धस्मारकावर तुझं नाव मीच घातलं होतं ना!

आपलं मोझॅकचं काम तुला ठाऊकच आहे. रंगानं लिहिलेलं नाव पुसता येतं. सिमेंटात हिरवे खडे बसवून घासलेलं नाव फोडूनच काढावं लागतं. सात गावांत स्मारकं केली, पण सगळीकडे नाव घाला म्हणणारेच भेटले. तुझं फोडताना मी एकटाच मोठमोठ्यानं हसत होतो. लोकांना वाटलं, कारागिराचं डोकं फिरलं! मग त्या खड्ड्यात लाल खड्यांचं फूल भरलं. आज घासल्यावर ते असं खुललंय, की माझीच दृष्ट लागायची!

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. तुझ्याखालीच त्यांच्या मुलाचं नाव आहे. त्यांनी फुलावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "बाळा, इथंही एक फूल बसवशील?"

आणि तू पत्रात विचारलंयस, "माझा दोस्त घरी पोचला का?"

दादा, हे पत्र मी टपालपेटीत टाकत नाही. तू आधी घरी ये. चौकात मी नेईन तुला. फुलाखालचं नाव तूच वाच.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा