जाळीची शेपटी

काका, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज लिहितेय, तेही सातवीपर्यंत शिकलेल्या हातानं, तर अक्षराकडं बघू नका. अंबडच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलं होतं. डिस्प्लेच्या वायरीवर तांब्याच्या तारांची जाळी असते. ती मोकळी पसरून, क्लॅम्पच्या गोल पट्टीखाली चारी बाजूंनी मशीनच्या पत्र्याला टेकवायची. मी ती पिळून शेपटी केली आणि एका स्क्रूखाली दाबली. लवकर होतं ना. तुम्ही तुमचा छोटा रेडिओ वायरीजवळ धरला. पडदा झकास चालतोय आणि रेडिओ नुसता खरखरतोय. "ऐक, ही तुझी शेपटी बोलतेय," म्हणालात. "वायरीत सिग्नल इतका जोरात पळतो की जाळी नीट टेकली नाही तर बाहेर सांडतो. शेजारचं मशीन कुणा आजाऱ्याच्या छातीला लावलेलं असलं तर?" मी म्हणाले, "काका, पडदा दिसतोय ना, मग झालं की." "दिसतं तेवढंच बघणारीला मी काय शिकवू," म्हणालात, आणि स्वतः जाळी पसरून बसवलीत. खरखर थांबली. रिटायर होताना तो रेडिओ मलाच दिलात.

पुढं लाइन माझ्याकडं आली. यंदा दवाखान्यातल्या मॉनिटरची मोठी ऑर्डर, वरून रोज घाई, आणि माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. क्लॅम्पला वेळ लागतो म्हणून मीच बायांना शेपटी शिकवली. नांदगावची एक होती, नवरा नसलेली, दोन लेकरांची. ती म्हणायची, "ताई, ड्रॉइंगवर तर गोल दाखवलंय." मी म्हटलं, "ड्रॉइंग लाइन चालवतं का? हात चालव." पडदे सगळे चालले. तपासणीच्या लॅबमधून मात्र अख्खा माल परत आला. साहेबानं एक मॉनिटर उघडला, शेपटी चिमटीत धरली, विचारलं, "हे कुणाचं काम?" त्यावर नांदगाववालीचा नंबर होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरचे स्क्रू गोळा करत राहिले. तिला त्याच दुपारी काढलं. जाताना माझा विसरलेला जेवणाचा डबा हातात देऊन गेली, "घ्या ताई," एवढंच.

आता आम्ही रोज त्या शेपट्या सोडवतोय. साहेबाकडं जाऊन सांगीन असं रोज सकाळी बसमध्ये ठरवते आणि गेटवर अंगठा लावला की गप होते. तिच्या जागी दुसरी आलीय, आता सांगून तिला कोण परत घेणार, असं मीच मला समजावते. खरं हे की मला भ्या वाटतं. या वयात मला दुसरीकडं कामाला कोण उभं करणार. तुम्ही असता तर झापलं असतं, तेवढं तरी झालं असतं. आता झापणारंही कुणी नाय.

हा कागद तुमच्या रेडिओत, सेल बसवतात त्या जागी घडी करून ठेवतेय. सेल काढून टाकलेत. आणि एक राहिलं, काका. ऑर्डरचा पहिला नग झाला तेव्हा मी रेडिओ वायरीजवळ धरला होता. खरखरला. मी रेडिओ बंद केला.