सात नंबरचे खगोलशास्त्रज्ञ

४ जून

पुस्तिका शेवटी माझ्याच गळ्यात पडली. ‘आपला प्रभाग : स्थळे आणि माणसे’. वारसा समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर आहेत, बोलताना वितीने टेबल मोजत असतात. म्हणाले, "मॅडम, तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवता. शिवाय तुम्हाला नाही म्हणता येत नाही." दोन्ही खरं.

७ जून

सुरुवात घड्याळाच्या मनोऱ्यापासून. चार बाजूंना चार घड्याळं, चौघांची चार मतं. जुन्या पुस्तिकेत लिहिलंय — ‘शहराला वेळेची शिस्त लावणारा मनोरा’. खालच्या चहावाल्याला विचारलं, किती वाजले? त्याने मोबाइल काढला.

मग दानशूर व्यापाऱ्याचा पुतळा. मूळ डोकं वीज पडून गेलं. नवं बसवलं ते अंगापेक्षा एक माप मोठं! खाली कोरलंय ‘साधी राहणी’. पुतळा त्यांनी हयातीत स्वतःच उभारून घेतला होता. लिहायचं का हे? खरं आहे. पण माणसाने दवाखानाही बांधला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. नवरा म्हणाला, "अगं, मेलेल्या माणसाला किती छळशील?"

११ जून

आज आत्याकडे. लग्न झाल्यापासून ती सात नंबरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. दारावर पितळी पाटी — ‘धूमकेतूचा शोध लावणारे थोर खगोलशास्त्रज्ञ येथे राहत होते’. पाटी आहे म्हणून घर वारसा यादीत, यादीत आहे म्हणून मालकाला पाडता येत नाही, पाडता येत नाही म्हणून आत्या अजून तिथे. मालक येता-जाता पाटीकडे खाऊ की गिळू असा बघतो.

जुन्या पुस्तिकेतला मजकूर म्हणतो, धूमकेतू त्यांनी ‘सात नंबरच्या राहत्या घराच्या गच्चीवरून’ पाहिला. मी मान वर केली. उतरतं छप्पर.

"आत्या, इथे गच्ची कुठे होती गं?"

"कसली गच्ची! कौलं काढून बघितलं असेल. शास्त्रज्ञ माणूस तो!"

१२ जून

वर्गात तह शिकवताना मधेच छप्पर आठवलं. तहाच्या अटी चुकीच्या क्रमाने सांगितल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, हे त्याहून वाईट.

१५ जून

आत्या बटाटे सोलत होती. सहज म्हणाली, "मी लग्न होऊन आले ना, तेव्हा नुकतेच घरांचे नंबर बदलले होते. आधी नदीकडून मोजायचे, मग स्टेशनकडून मोजायला लागले. माझी माहेरची सगळी पत्रं त्या टोकाच्या घरी! त्या बाईने वाचून मग आणून द्यायची."

मी कप खाली ठेवला. खगोलशास्त्रज्ञ त्याच्या कितीतरी आधी गेले. म्हणजे जुन्या मोजणीतलं त्यांचं सात नंबर हे नाहीच!

"काय झालं? साखर कमी आहे का?"

"नाही. ठीक आहे."

१६ जून

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले. खाली दातांचा दवाखाना, वर डॉक्टर राहतात, त्यावर सपाट गच्ची. गच्चीच्या मधोमध कमरेइतका दगडी खांब, माथ्यावर लोखंडी बैठक, गोल फिरणारी. दुर्बिणीसाठी नाही तर कशासाठी?

"हा खांब? कुत्रा बांधतो आम्ही," डॉक्टर म्हणाले. कुत्र्याने एक पाय वर करून खांबाविषयीचं आपलं मत तिथल्या तिथे दिलं. थोरांच्या नशिबी हेच!

"बघून घ्या हवं तर. पुढच्या महिन्यात पाडतोय सगळं. नवी इमारत."

१९ जून

बोलले तर पाटी डॉक्टरांच्या घरावर जाईल. खांब वाचेल, आत्याचं बिऱ्हाड जाईल. गप्प बसले तर आत्या वाचेल आणि खरं घर ढिगारा होईल. इकडे आड, तिकडे विहीर.

नवरा म्हणाला, "दगड मोठा की आत्या?" त्याचे प्रश्न असेच असतात, उत्तर आतच बांधून दिलेलं. पण ती दुसऱ्या कुणाची आत्या असती तर? तर मी एव्हाना समितीला कळवून मोकळी झाले असते. हे मला स्वतःविषयी अजिबात आवडत नाही.

२२ जून

आत्याला सांगून टाकलं. वाटलं होतं, रडेल.

"म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाची पाटी पुसतेय? चिंच लावून!"

 मग म्हणाली, "तू काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

"मग सांगायला कशाला आलीस, पोरी? तुझं ओझं होतं, ते माझ्या डोक्यावर ठेवून चाललीस."

बरोबर बोलली. जिना उतरताना पाटीकडे बघितलं नाही.

२५ जून

समितीची बैठक. सगळं मांडलं — नंबर, छप्पर, खांब. कुत्रा वगळला.

अध्यक्षांची वीत टेबलावर थांबली. "भाडेकरूच होता ना तो माणूस? मग दोन्हीकडे राहिला असेल."

"पुरावा?"

"न राहिल्याचा आहे?"

"सर, असं नसतं हो —"

"मॅडम, दोन्ही घरं यादीत, दोन्हींवर नव्या पाट्या. तुमची आत्याही राहते, तुमचा खांबही राहतो. आता कुणावर अन्याय झाला ते सांगा."

 सगळे खूश. बिस्किटं आली. निघताना म्हणाले, "पाट्यांवरच्या मजकुराखाली तुमचं नाव टाकू. तुम्ही लिहिलं की लोक शंका घेत नाहीत."

२८ जून

पाटीच्या मजकुरात ‘या गल्लीतल्या दोन घरांत राहत होते’ याच्यापुढे ‘असे म्हणतात’ घातलं होतं. अध्यक्षांनी खोडलं. "पितळेवर ‘असे म्हणतात’ शोभत नाही हो."

२ जुलै

सही केली.

दातांच्या डॉक्टरांचा फोन. काय बोलले ते इथेसुद्धा लिहिणार नाही. माझे दात आता दुसरीकडे दाखवावे लागतील.

आत्याला कळवलं. तिचा आवाज एकदम उजळला. "म्हणजे राहिले होते तर आमच्याकडे!"

"हो," मी म्हणाले. लिहिण्यापेक्षा हे जड गेलं.

९ सप्टेंबर

तृतीय वर्षाचे प्रकल्प तपासते आहे. एका मुलीचा खगोलशास्त्रज्ञांवर. वर्गातला सगळ्यात नेटका! त्यांनी घर का बदललं असावं याची तिने एकेक शक्यता घेतली आहे — पूर, आजारपण, मालकाशी भांडण — आणि तपासून, प्रामाणिकपणे खोडली आहे. शेवटी तळटीप : ‘घर बदलल्याचा स्वतंत्र पुरावा मिळाला नाही. परंतु पाटीवरचा मजकूर मॅडमचा असल्याने त्याची गरज वाटली नाही.’

पैकीच्या पैकी दिले.