गाठींसकट माघारी

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ जानेवारी १९८६

प्रिय मल्लू,

आप्पांना घेऊन स्टॉकहोमहून परत आल्याला आज चार महिने झाले. तू दर पत्रात विचारतोस, गाठी किती कमी झाल्या? तेच आप्पा मला रोज सकाळी विचारतात. दोघांना काय सांगू? डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं, किरणांनी गाठी निघत नाहीत, त्यांची वाढ थांबते. थांबली की नाही ते वर्षाने मुंबईत फोटो काढल्यावर कळेल. तोवर वाट बघायची, आणि ते मला कधीच जमलेलं नाही.

आप्पांना तर हा उपचारच पटलेला नाही. चाळीस वर्षं गुळव्या म्हणून रस आटवायच्या काहिलीपुढे उभा राहिलेला माणूस. उकळत्या रसावरची मळी काढून टाकल्याशिवाय गूळ होत नाही, एवढं त्यांना ठाऊक. डोक्याला चार स्क्रूंनी ती चौकट आवळली तेव्हा हूं की चूं केलं नाही, आणि बाहेर आल्यावर काढलेल्या गाठी दाखवा म्हणून अडून बसले. बारीक बारीक किरण चहूबाजूंनी येऊन नेमके गाठीवर मिळतात, वाटेतल्या मेंदूला धक्का लागत नाही, हे तू किती समजावलंस. आता गल्लीत सांगत सुटलेत, "पोरानं इमानानं न्हेलं, टोपी घातली आन् गाठींसकट माघारी धाडलं की." हसू येतं, पण अधूनमधून त्यांचा गाल फडफडतो तेव्हा हातातलं काम सोडून मी बघत राहते. गाठी साध्या आहेत, कॅन्सरच्या नाहीत, असं स्वतःला बजावत असते. पण कानाच्या नसेवर, मेंदूला खेटून बसलेली साधी गाठ वाढली तर ती साधी कशी राहील?

यंदा गुऱ्हाळ सुरू झालं तसे ते ऐकेनात. ऐकू येत नाही म्हणून गेल्या साली दोन काहिली करपवल्या होत्या, तेव्हा या खेपेला मला शेजारी उभं केलं. पाक पाण्यात टाकून गोळी करायची आणि परातीवर आपटायची. खणखणीत वाजली की काहील उतरवायची. वाजली का, ते मी खुणेनं सांगायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळी आपटलीच नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रुद्राणी, दर टायमाला तू मान डावीकडं वळवतीस, उजवा कान म्होरं करतीस. मी बी आसंच करत हुतो, पाच वर्सं." नंतर ते माझ्या डाव्या अंगाला येऊन हळू हाक मारत होते म्हणे. मला गुऱ्हाळावरच्या धोंडुबाईनं सांगितलं तेव्हा कळलं.

मल्लू, मागच्या आठवड्यात मुंबईला फोटो काढला. माझ्याही डाव्या कानामागे गाठ आहे, लहान. हे कधीकधी घराण्यातून येतं, म्हणाले डॉक्टर. मला फार भीती वाटते. तिथल्या दवाखान्यात तू माझ्यासाठी वेळ मागशीलच, पण हे पत्र त्यासाठी नाही. तुझ्याकडे होतो तेव्हा रस्त्यानं चालताना तू मला सारखं ओढून तुझ्या उजव्या हाताला घ्यायचास, आणि मी परत तुझ्या डावीकडे यायची, माझा उजवा कान तुझ्या बाजूला यावा म्हणून. दोघं किती हसलो होतो त्यावर. उद्याच्या उद्या जाऊन आधी स्वतःचे कान दाखव.

तुझीच,
अक्का