सीताबाईचा निरोप

दादा, तुले आन आईले जैनीचा नमस्कार.

मी इथी गडचिरोलीले बरी आहो. शिलाई शिकून राह्यली, लिहाले तर शिकलीच. आईचा खोकला कसा आहे? ग्रामसभेले जंगलाचा हक्क भेटला म्हणे, आता बांबू गावच विकणार काय?

परवा तू भेटाले आला, सीताबाईचा निरोप सांगितला, त्याचं उत्तर आता लिहून राह्यली. तिच्या नवऱ्याले आमच्या नक्षल दलमनं पोलिसायचा खबऱ्या म्हणून मारलं. मी तिथी नव्हती, पण बंदूक माह्याही खांद्यावर होती. पोलिसायले शरण येऊन वर्ष झालं, तरी तिच्यासमोर कशी जाऊ म्हणून गावी आली नाई.

आन तेच सीताबाई म्हणते, "जैनीले घरी आण. तिची माय रोज रस्त्याकडे पाह्यते. मले आता कोणाची वाट पाहाची नाई, तिची तरी संपू दे."

दादा, एवढं मोठं मन मी कुठी पाह्यलं नाई. तिचे उपकार कसे फेडू?

शनिवारच्या बसनं येईन. आधी सीताबाईच्या घरी जाईन. तू संगं राहजो.

तुही लहान बहीण,
जैनी