एकोणिसावं कार्ड

प्रिय भिंगरी,

टाळ्यांची कार्डं एकशे चौदा, जाड पुठ्ठ्याची, प्रत्येकाचे कोपरे काचपेपरने घासून गोल केलेले. सहावी ते आठवी, तीन वर्षांचा संगीताचा अभ्यासक्रम, माझ्या अक्षरात, दोनशे सहा पानं. लाकडी पट्ट्यांची वाद्यं नऊ, त्यातली दोन शाळेच्या मोडक्या बाकांची. पत्र्याच्या डब्यांचे ढोल बारा. भिंतीवरचे तक्ते सात. हे सगळं मी या दोन हातांनी केलं, कुणाकडे न शिकता, नावामागे एकही पदवी नसताना. ही यादी तुला आता पाठ असेल, कारण तुझ्याविरुद्धच्या तक्रारीला मी हीच जोडली होती. तिच्यात एक चूक राहिली. वाद्यं नऊ नाहीत, आठ. नववं तू सातवीत असताना आपण दोघांनी मिळून केलं होतं.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. काल ताईला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझी आई म्हणाली, "ती आंघोळीला गेलीय रे." एका माणसाने एका दिवसात तीन आंघोळी कराव्यात, हे मला संशयास्पद वाटलं. आता माझ्या संशयाला काय किंमत उरलीय म्हणा. तरी त्याची हकिगत सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे तुला कुठे काय चुकलं ते मोजता येईल.

शाळेतल्या संगीताच्या खोलीत माझं कपाट आहे, ते तुला माहीत आहे. पावसाळ्यानंतर एक दिवस कार्डांचा गठ्ठा उलटा दिसला. मी गठ्ठा कधीच उलटा ठेवत नाही. मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवसापासून कपाटाच्या कडीला काळा दोरा बांधायला लागलो, केसाएवढा बारीक. चौथ्या दिवशी दोरा तुटलेला. आधी चित्रकलेच्या मास्तरांवर संशय घेतला, कारण त्यांचे पुठ्ठे नेहमी संपलेले असतात. ते म्हणाले, "अहो, तुमच्या गोल-गोल काढलेल्या पुठ्ठ्यांचं मी काय लोणचं घालू?" मग शिपायावर घेतला. त्याने सरळ सांगितलं की झुरळं झाली होती, औषध मारायला कपाट उघडलं, कडीत गुंतलेला दोरा कचरा समजून काढून टाकला. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण एवढं सोपं उत्तर मला पटत नाही. कधीच पटलेलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मी विद्यापीठात आलो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना शाळेत संगीत कसं शिकवावं ते शिकवायचे माझे दोन तास, तूच खटपट करून मिळवून दिलेले. त्या मुलांचं आणि माझं कसं चालतं तुला ठाऊक आहे. वह्या भरभरून लिहितात, पण चोवीस जणांची एक टाळी एकत्र पडत नाही. माझी सहावी त्यांना घरी पाठवेल. तर जिन्यावरून येताना, तू शिकवतेस त्या पहिल्या वर्षाच्या वर्गातून टाळ्या ऐकू आल्या, आणि मी जागच्या जागी थांबलो. एकोणिसावं कार्ड. चार ओळी, प्रत्येक ओळीत आठ गोल, भरलेला म्हणजे टाळी, रिकामा म्हणजे गप्प. फक्त एकोणिसाव्या कार्डावर तिसऱ्या ओळीत गोल सातच आहेत. करताना मोजायला चुकलो होतो. कळलं तेव्हा कार्ड बदललं नाही, म्हटलं राहू दे, कुणी चोरलं तर याच्यावरून सापडेल. आणि तुझा वर्ग तिसऱ्या ओळीत बरोब्बर सात मोजून चौथीवर येत होता. अर्धवट उघड्या दारातून फळा दिसला. भरलेले गोल, रिकामे गोल. तिसऱ्या ओळीत सात.

त्या क्षणी मला काय काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण तपशील गाळायची मला सवय नाही. वाटलं, मला इथे आणलंस तेच मुळी कार्डं तुझ्या हाताशी यावीत म्हणून. दिवाणखान्यात बसून माझ्या वह्या चाळायचीस ते त्यासाठीच. तू बाहेर आलीस तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठून उचललंस?" तू घरी मला मामा म्हणतेस, अरे-तुरे करतेस. तेव्हा म्हणालीस, "सर, आधी वर्गात या, मग बोला." मी वर्गात आलो नाही. सरळ विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी तुझ्याकडे लेखी खुलासा मागितला, आणि तूही माझीच भाची, एकच ओळ लिहून दिलीस: "सरांनी एकदा वर्गात यावं." त्यांना ती टाळाटाळ वाटली. चौकशी संपेपर्यंत वर्ग घेऊ नका म्हणाले. तू वर्गाच्या किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्यास आणि ताईकडे निघून गेलीस.

परीक्षा तीन आठवड्यांवर, म्हणून तुझा वर्ग तात्पुरता मला दिला. मी गेलो तो शिकवायला नव्हे, पुरावा शोधायला. फळ्यावर एकोणिसावं कार्ड काढलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मागून एक उंच मुलगी उठली. म्हणाली, "तुम्हीच, सर. सातवी ब. खिडकीजवळचा बाक." मग आणखी चार जण उठले. पाच मुलं, भिंगरी. तीन-तीन वर्षं माझ्यासमोर बसलेली, आणि मी एकालाही ओळखलं नव्हतं. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला तरी मला कळतो. ती मुलगी पुढे म्हणाली, "तिसऱ्या ओळीत एक गोल कमी आहे ना, तिथे तुम्ही श्वास घ्यायला लावायचा." मी तसं कधीच सांगितलेलं नाही. त्या जागी आलो की मला माझी चूक आठवायची आणि मी क्षणभर अडखळायचो. पोरांनी ते अडखळणं श्वास म्हणून घेतलं आणि इथवर सांभाळून आणलं.

मग त्यांनी मला मागच्या भिंतीवरचा तुझा मोठा कागद दाखवला. दारातून तो दिसत नाही. पहिल्या तासाला तू त्यांना सांगितलं होतंस म्हणे, शाळेतलं, घरातलं, अंगणातलं जे अंगात राहिलं असेल ते सांगा, आणि ते कुणाकडून आलं तेही सांगा; ती सांगत गेली आणि तू लिहीत गेलीस. कुणाची आई, कुणाचा दोरीवरच्या उड्यांचा खेळ, कुणाचा बसवाहक काका. सहाव्या ओळीत एकोणिसावं कार्ड, आणि समोर तुझ्या अक्षरात माझं पूर्ण नाव. तिथेही मी आधी काय केलं असेल? तारीख पाहिली. नाव मागाहून घुसडलंय का म्हणून शाई नखाने खरवडून पाहिली. तारीख माझ्या तक्रारीच्या साडेतीन महिने आधीची होती. शाई एकच होती. पोरं माझ्याकडे बघत होती.

सोमवारी मी तक्रार लेखी मागे घेतली आणि त्या उंच मुलीचं म्हणणं जसंच्या तसं त्यात घातलं. विभागप्रमुख म्हणाले, ठीक आहे, पण बाई किल्ल्या टाकून गेल्या, मी किती थांबू? शुक्रवारी दुपारपर्यंत तू आलीस तर वर्ग तुझा, नाहीतर दुसरा माणूस नेमणार. किल्ल्या त्यांच्या डाव्या खणात आहेत, मी स्वतः पाहिल्या. हे पत्र त्यासाठी. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, वर्षभर बोलू नकोस, पण शुक्रवारी ये. आणखी एक गोष्ट तुला तिथे कुणीतरी सांगेलच, आणि वेडीवाकडी सांगेल, म्हणून आधीच सांगतो. तो दुसरा माणूस मीच होतो. पदवीची अट माफ, पहिल्या वर्षाचा तुझा वर्ग, विद्यापीठात कायमची नेमणूक. बावीस वर्षं मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी नाही म्हणालो. पगार सांगितला होता महिना अठ्ठेचाळीस हजार.

तुझाच,
मामा