तेहतीस कोटींना भाग जात नाही

१० ऑगस्ट, रविवार
आजपासून रोज एक तास गणित. जान्हवी दहावीत आहे. गणित अडलं की मोबाइलला विचारते, बापाला नाही. क्षमा म्हणाली, मग तूच जाऊन बस ना तिच्याजवळ. तिला स्ट्रॅटेजी कळत नाही. जान्हवीनेच यायला हवं.

११ ऑगस्ट
शोध लागला! ३१ ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ३३१ तशीच. ३,३३१ पण. नुसते तीन वाढवत जायचे. नाव: निलेश-सूत्र. क्षमाला सांगितलं. तिने दूध आणायला पाठवलं.

१३ ऑगस्ट
३,३३,३३,३३१ पर्यंत वेबसाइटवर तपासलं. सगळ्या मूळ. आता वेबसाइटची गरज नाही. पुढची संख्या ३३,३३,३३,३३१. तेहतीस कोटी! अंगावर काटा आला.
तरी खबरदारी म्हणून २, ३, ५, ७, ११ आणि १३ ने भागून पाहिलं. जात नाही. जी तेरालाही बधली नाही ती पुढे कोणाला बधणार?

१६ ऑगस्ट
सोसायटीची गणपतीची मीटिंग. सजावटीसाठी संख्या सुचवली. देव तेहतीस कोटी, पण भाग जात नाही, म्हणजे देव एकच. सेक्रेटरी गुणाजीकाकांनी खर्च विचारला. म्हटलं, पुठ्ठा आणि सोनेरी कागद. लगेच मंजूर. गणिताची कदर असलेली माणसं मुलुंडमध्ये अजून आहेत.
जान्हवीला सांगितलेलं नाही. सगळ्यांसमोर बघेल, मग आपणहून विचारेल, बाबा, हे कसं काढलं?

२४ ऑगस्ट
आकडे कापले. बोटही. जान्हवीने विचारलं, काय झालं? म्हटलं, रिसर्च. ती आत गेली. उत्सुकता दाबते आहे.

२७ ऑगस्ट, सकाळ
पाटी मखरावर चढली. भटजींना उशीर. जान्हवी आरतीच्या पुस्तकामागे पेनाने काहीतरी मांडत होती. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, सतराने भाग जातो."
उत्तर एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. बाकी शून्य.
मंडपात सतरंजीवर बसलो. ती शेजारी बसली. एकेक पायरी दाखवली. मला सगळं समजत होतं. तरी म्हटलं, परत सांग.
तिने परत सांगितलं. मग स्टुलावर चढून एक तीन काढून टाकला. म्हणाली, आता बरोबर आहे.

२७ ऑगस्ट, संध्याकाळ
आरती झाली. गुणाजीकाका चष्मा पुसून बराच वेळ पाटीकडे बघत होते.
"निलेश, हे तीनच कोटी. बाकीचे तीस कोटी देव खंय गेले रे?"
सगळे माझ्याकडे बघायच्या आत जान्हवी म्हणाली, "बाबांना विचारा. त्यांनीच शोधलंय ते."
मी प्रसाद वाटायला घेतला.