यादीतला दुसरा माऊस

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दुपार

चि. सम्यक यास,

मामाचा जयभीम आणि आशीर्वाद. इथं सगळं ठीक. मामीची मान दुखते, पण शिवणकाम सोडायला ती तयार नाही, म्हणजे ठीकच. तुझं पित्त कसं आहे? बाहेरचं खाणं कमी कर (हे मी दर वेळी लिहितो आणि तू दर वेळी वाचतोस, एवढ्यावर दोघांचंही समाधान आहे). फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण मला एक कबुली द्यायची आहे आणि फोनवर तू मध्येच हसशील.

जयंतीला आलास तेव्हा तू माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून गेलास. तेव्हापासून तुझ्या आजीच्या आठवणी मी त्यावर टाइप करतो आहे. ती शहाऐंशीची. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नाही. सांगितलंच तर माणसं तीच राहतात आणि गाव बदलतं. तिची वेळही ठरलेली आहे. जेवणं झाली की मामी शिलाई मशीनवर बसते, आई शेजारी भिंतीला टेकते आणि कापडाकडं बघत बोलू लागते. मी पलीकडच्या टेबलावर. नेमका तेव्हाच माऊस बिघडायचा. पडद्यावरचा बाण आपणहून सरकत वरच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत बसायचा. मध्येच अख्खा परिच्छेद निळा व्हायचा आणि मी पुढचं अक्षर दाबलं की गायब. (गेलेला मजकूर परत आणायची युक्ती तू सांगितलीस खरी, पण आईच्या जुन्या गावच्या, पाचोडच्या बाजाराची दोन पानं त्याआधीच गेली होती.) सकाळी मी एकटा तपासायला बसलो की तोच माऊस शहाण्यासारखा वागायचा.

तू तीन आठवडे दुरून उपचार केलेस. माऊस चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवायला दोन ओळी पाठवल्यास. पहिल्या ओळीनं ड्रायव्हर निघाला, पण कीबोर्डही त्याच ड्रायव्हरवर जगत होता, त्यामुळं दुसरी ओळ टाइप करायची कशानं, हा प्रश्न उरला. मी बराच वेळ त्या काळ्या खिडकीसमोर हात बांधून बसलो आणि मग बटण दाबून सगळंच बंद केलं. मग तू लिनक्सचा नवा गाभा, म्हणजे कर्नल, घालायला लावलास. मग माऊसचा वेग कमी केलास. आता बाण कोपऱ्यात जायचा तो सावकाश, एवढाच फरक पडला.

आईनं यातून तिचा निष्कर्ष काढला. म्हणाली, "मी बोलाया लागले की त्याला कापरं भरतंय. नाय आवडत त्याला माझं. ऱ्हाऊ दे." मामी म्हणाली, "अवो आत्याबाई, यंत्राला कुठं आवडनिवड आसती?" "मंग तुझ्या मशीनला तेल कशापायी घालतीस? रुसतंय म्हणूनच ना?" आठवणी सांगत आई पाचोड सोडलं त्या दिवसापर्यंत आली होती. तिथंच थांबली. मला माऊसची नाही, त्या दिवसाची काळजी लागली.

आता कबुली. जोडलेल्या उपकरणांची यादी तू मला पहिल्याच दिवशी वाचायला सांगितली होतीस. तिच्यात माऊस दोन होते. मी तुला एकच सांगितला. एकतीस वर्षं वाचनालयात पुस्तकांची मोजदाद केली. एकच पुस्तक नोंदवहीत दोनदा आलं की दुसऱ्या नोंदीवर लाल रेघ मारायची आणि पुढं जायचं, हा हात बसलेला. मी मनातल्या मनात रेघ मारली आणि पुढं गेलो.

सोमवारी मामीनं बॉबिनसाठी मशीनचा खण उघडला आणि मला हाक मारली, "अवो, याच्या पोटात दिवा लागलाय." आपला जुना बिनतारी माऊस. चाक बिघडलं म्हणून तू बदललास, आणि या घरात टाकून काही देत नाहीत म्हणून मामीनं तो खणात ठेवला, सेलसकट. त्याचे इशारे पकडणारा नखाएवढा तुकडा कॉम्प्युटरच्या मागं तसाच खोचलेला होता. मामी पायडल मारायची, खण हादरायचा, बाण पळायचा. वर ठेवलेली कात्री त्याच्या बटणावर टेकली की परिच्छेद निळा. तुझ्या लिनक्सला मी तुझ्या आत्याच्या लग्नातसुद्धा नावं ठेवली होती. ती परत घेतो.

तुझा,
संघपालमामा

ता. क. आईला खण उघडून दाखवला, सेल काढून दाखवला, सगळं समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. बोलायला काही लागली नाही.

दुसरा ता. क. खरं तर पत्र याच्यासाठीच लिहिलं. काल मी तिला सरळ विचारलं, आता का थांबलीस? तर म्हणाली, "महिना झाला सांगतेय. येकदा तरी माझ्या तोंडाकडं बघितलंस व्हय? सारखा त्या काचंकडं. ते पुढचं मी सम्यकला सांगीन. तो ऐकतो तवा त्याच्या हातात काय नसतंय." मी म्हटलं, मी पण हातात काही घेत नाही. तर म्हणाली, "तू नाय घेणार, पर तुझं ध्यान तिकडंच ऱ्हाईल." तेव्हा शनिवारी ये. कुठून सुरुवात करायची तेही तिनं ठरवलं आहे. मामीला सांगितलं आहे, मला नाही. ती सांगत असताना मला दारात उभं राहू देईल का, एवढं फोनवर तिला विचारून ठेव.